16 टक्के मतं, 18 आमदार: चिरंजीवीचा पक्ष अडीच वर्षांत कसा आटोपला?

नमस्कार मंडळी. आंध्रचा नट-नेता पवन कल्याण याच्यावरच्या व्हिडिओखाली निम्म्या जणांनी एकच धोशा लावलाय: "थोरल्या भावाच्या पक्षाचं काय झालं ते सांगा की." सांगतो.

थोरला भाऊ म्हणजे तेलुगू सिनेस्टार चिरंजीवी. सुरुवात भराभर उरकतो. 26 ऑगस्ट 2008, तिरुपती, अफाट गर्दी, 'प्रजाराज्यम' पक्षाची घोषणा. मी सोलापूरचा. आमच्या पूर्व भागात घरोघरी तेलुगू. माझ्या वर्गमित्राकडं टॉवेलचे माग होते, आणि मागाच्या खोलीत व्यंकटेश्वराच्या शेजारी चिरंजीवीचा फोटो. त्याचे वडील छातीठोक सांगायचे, "एनटीआरनं नऊ महिन्यांत सत्ता आणली, हा आठात आणतो बघ." (एनटीआर म्हणजे 'तेलुगू देसम' पक्ष काढणारे नट एन. टी. रामाराव.) 2009 ला आंध्र प्रदेश विधानसभेचा निकाल लागला: 294 पैकी 18. चिरंजीवी स्वतः तिरुपतीत निवडून आला, पण घरच्या पश्चिम गोदावरीतल्या पालकोल्लूत पडला. त्या दिवशी काकांनी माग लवकर बंद केले.

आता इथं थांबा. "लोकांनी नाकारलं त्याला!" ही कमेंट वाचून वाचून मी वैतागलोय. अहो, मतं सुमारे 16 टक्के होती! म्हणजे सहा मतांमागं जवळपास एक. 294 चे 16 टक्के होतात 47. मग उरलेले 29 आमदार गेले कुठं? कुठंच नाही, कारण टक्क्यांवर आमदार मिळतच नाहीत. मतदारसंघात पहिला आला तो आमदार, बाकीच्यांची मतं रद्दीत.

उलटीकडून बघा. त्याच निवडणुकीत तेलंगण राष्ट्र समितीला मतं जेमतेम चार टक्के, आमदार 10. मोजक्या जागा, एकच पट्टा, वर तेलुगू देसमशी युती. प्रजाराज्यमनं मात्र चमचाभर तूप परातभर भाकऱ्यांना फासलं.

तरी पटेना? मग धाकट्याकडं बघा. 2024 ला पवनच्या जनसेना पक्षानं 21 जागा लढवल्या आणि 21 च्या 21 जिंकल्या. मतं सात टक्क्यांच्या आत! (तोवर तेलंगण वेगळं होऊन राज्य दुभंगलं होतं, जागा 175 होत्या, ठाऊक आहे मला. लगेच टाइप करू नका.) थोरल्याच्या निम्म्याहून कमी टक्के, आमदार जास्त. देसम आणि भाजप सोबत होते ना! हाच पवन 2019 ला देसमविना लढला तेव्हा आमदार एक, आणि स्वतः दोन्ही जागांवर आडवा.

पुढचं थोडक्यात. सप्टेंबर 2009 मध्ये काँग्रेसचे मुख्यमंत्री राजशेखर रेड्डी हेलिकॉप्टर अपघातात गेले, 2010 च्या नोव्हेंबरात त्यांच्या मुलानं, जगननं, काँग्रेस सोडली. सत्तेतल्या काँग्रेसला आमदारांची गरज भासू लागली, आणि चिरंजीवीकडं 18 आमदारांचा पक्ष चालवायचा दम उरला नव्हता. फेब्रुवारी 2011 मध्ये दिल्लीत सोनिया गांधींना भेटून त्यानं पक्ष काँग्रेसमध्ये विलीन करायचं जाहीर केलं. 2012 ला राज्यसभा, मग केंद्रात पर्यटन खातं.

हे 16 टक्क्यांचं गणित मी काकांनाही सांगितलं, दिवाळीला गेलो तेव्हा. त्यांनी शांतपणे तुटलेला धागा गाठला आणि म्हणाले, "टक्के राहू दे. पालकोल्लूत पडला ना?"