चांगल्या डोळ्याला हात का लावायचा?

नमस्कार श्रोतेहो.

मूल दमलं, झोपेला आलं किंवा लांब कुठंतरी बघत बसलं, की त्याचा एक डोळा हळूच कानाकडे सरकतो. हाक मारली की पुन्हा जागेवर. उन्हात ते एक डोळा मिटूनच घेतं. हा बाहेर वळणारा तिरळेपणा. सुरुवातीला तो अधूनमधूनच दिसतो, म्हणून घरचे फारसं मनावर घेत नाहीत. पण डोळा दिवसाचा बराच वेळ बाहेर राहू लागला, किंवा दोन्ही डोळ्यांनी मिळून वस्तूंचं अंतर, खोली जोखण्याची ताकद घटू लागली, की शस्त्रक्रियेचा विषय निघतो.

तेव्हा आईवडील हमखास विचारतात, "तिरळा डोळा एकच आहे, मग चांगल्या डोळ्याला हात का लावायचा?" प्रश्न अगदी रास्त आहे.

डोळा बाहेर ओढणारा स्नायू कानाच्या बाजूला असतो, आत ओढणारा नाकाच्या बाजूला. एका पद्धतीत दोन्ही डोळ्यांचे कानाकडचे स्नायू सोडवून काही मिलिमीटर मागे शिवतात, म्हणजे त्यांची ओढ कमी होते. दुसऱ्या पद्धतीत काम एकाच डोळ्यावर: कानाकडचा स्नायू मागे न्यायचा आणि नाकाकडचा थोडा कापून आखूड करायचा. तिरळेपणा प्रिझम या एककात मोजतात. तो २५ प्रिझमचा असेल, तर पहिल्या पद्धतीत साधारण ६-६ मिलिमीटर मागे. दुसरीत ६ मागे आणि ५ आखूड. डोळा खोबणीतून बाहेर काढतात ही भीती मात्र मनातून काढून टाका. तसं काहीही करत नाहीत.

आणि तो चांगला डोळा? या तिरळेपणात बिघडलेली असते ती दोन डोळ्यांची जोडी. ओढ दोघांत वाटून कमी केली, तरी ती जोडी सरळ होते. पण एका डोळ्याची नजरच अधू असेल, तर बहुतेक सर्जन त्याच डोळ्यावर काम करतात. चांगल्या नजरेला धोका कशाला?

लांबचं बघताना डोळा जास्त सरकत असेल, तर परंपरेनं दोन्ही डोळ्यांची पद्धत निवडतात. पण जवळचं बघताना डोळा नुसत्या सवयीनं सावरलेला असू शकतो. म्हणून तासभर एक डोळा झाकून पुन्हा मोजतात. ही मोजणी घाईत उरकू देऊ नका.

लांब-जवळ सारखाच तिरळेपणा असलेल्या ३ ते १० वर्षांच्या १९७ मुलांवर अमेरिकेत या दोन पद्धतींची तुलना झाली. निष्कर्ष २०१९ मध्ये आले. तीन वर्षांत असमाधानकारक ठरलेले निकाल दोन्ही डोळ्यांच्या पद्धतीत ४६ टक्के, एका डोळ्याच्या पद्धतीत ३७ टक्के. एक पद्धत सरस म्हणावी इतका हा फरक पक्का नव्हता. मला यातला दुसरा अर्थ जास्त मोलाचा वाटतो: पद्धत कोणतीही घ्या, डोळा पुन्हा बाहेर सरकू शकतो. पुन्हा शस्त्रक्रिया लागू शकते, हे आईवडिलांना आधीच कळायला हवं.

शस्त्रक्रियेनंतर काही दिवस डोळा किंचित आत वळलेला दिसेल, मूल "दोन-दोन दिसतंय" म्हणेल. घाबरू नका. पुढे डोळा बाहेर सरकतो हे धरून थोडी जास्त दुरुस्ती पुष्कळदा मुद्दामच केलेली असते. मात्र काही आठवड्यांनीही दोन-दोन दिसणं थांबलं नाही, तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांकडे जा.