तळ्यावरचं मैदान

(दृश्य : सकाळ. रिकामं स्टेडियम. दोरी, खुंटी, फक्कीचा डबा.)

फुटबॉलचा पहिला सामना दुपारी दोनला. आत्ता साडेनऊ वाजलेत.

दोरी ताणून खुंटीला बांधलीय. तिच्या कडेनं पत्र्याचा डबा हलत चाललाय, त्याच्या बुडाला खिळ्यानं भोकं पाडलीत. हात थरथरला की रेघ वाकडी, पाय थबकला की फक्कीचा ढीग. पेनल्टी बॉक्सचा कोपरा आला की मैदान आखणारे काका थांबतात. दोन पावलं मागं सरतात, एक डोळा मिटून बघतात, मग वळतात. गोलसमोरचं गवत झिजून माती वर आलीय, तिथं फक्की नीट बसत नाही म्हणून आधी चपलेनं जमीन सारखी करून घेतात.

काटकोन आहे का, असं आम्ही विचारलं. "मोजून बघा," म्हणाले. आम्ही मोजला नाही.

(दृश्य : उंचावरून शहर. स्टेडियम, मागं दाट वस्ती.)

हे कोल्हापूरचं राजर्षी शाहू स्टेडियम. फक्की पडतेय त्या जागी एके काळी पाणी होतं, रावणेश्वराचं तळं. जुनं कोल्हापूर तळ्यांचंच गाव. कपिलतीर्थावर मंडई बसली, वरुणतीर्थाचं गांधी मैदान झालं आणि रावणेश्वराच्या तळ्यावर फुटबॉल आला. रंकाळा तेवढा मोठा म्हणून वाचला, असं इथं अर्ध्या थट्टेनं म्हणतात.

(दृश्य : तालमीचा दरवाजा. आत तांबडी माती. भिंतीला टेकवलेल्या गदा. खुंटीवर फुटबॉलचे बूट.)

बाहेरगावच्या माणसाला कोल्हापूरच्या फुटबॉल लीगचा गुणतक्ता दाखवला तर तो कुस्तीचा समजेल. पाटाकडील तालीम मंडळ. दिलबहार तालीम मंडळ. बालगोपाल तालीम. खंडोबा तालीम. उत्तरेश्वर प्रासादिक वाघाची तालीम. मधेच शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, संध्यामठ, झुंजार, फुलेवाडी. नावात तालीम, पायात चेंडू. असं दुसरं गाव आमच्या तरी बघण्यात नाही.

याचं मूळ कुस्तीतच आहे. शाहू महाराज 1894 ते 1922 गादीवर होते आणि त्यांच्या आश्रयानं मल्लविद्या इथं घरोघरी पोचली. 1912 मध्ये खासबागचं मैदान झालं. रोमच्या आखाड्यासारखं, मधला कुस्तीचा हौदा खोल आणि भोवतीनं चढत जाणाऱ्या बैठका, म्हणजे शेवटच्या माणसालाही पट काढलेला दिसावा. शाहू स्टेडियमपासून ते पायी काही मिनिटांवर आहे.

पेठेपेठेत तालमी उभ्या राहिल्या. तालीम म्हणजे नुसता हौदा नव्हे. पोरांनी पहाटे जोर मारायचे, संध्याकाळी थोरांनी कट्ट्यावर बसायचं, गणपतीची वर्गणी इथंच ठरायची, भांडणं इथंच मिटायची. कधी कधी इथूनच सुरूही व्हायची. संस्थानी काळात फुटबॉल आला तेव्हा त्याला वेगळं घर बांधावं लागलं नाही. पोरं होती, वस्ताद होते, पेठेची ईर्षा तर आधीपासूनच होती. चेंडू तेवढा आणायचा होता.

कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, गावाच्या तोंडी केएसए, ही संस्थाही राजघराण्याच्या पाठबळावर उभी राहिली. 1 मार्च 1949 ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. तिजोरी गेली, दरबार गेला. फुटबॉल पेठांनी ठेवून घेतला. छत्रपती घराण्याचा हातही सुटला नाही. आजही केएसएच्या कारभारात मालोजीराजे छत्रपतींचं नाव पुढं असतं, आणि लीगचं नावच शाहू छत्रपती लीग.

(दृश्य : कार्यालयातलं टेबल. अर्ज, फोटो, शिक्का. दाराशी पोरांची गर्दी.)

लीगची सुरुवात मैदानात होत नाही, या टेबलावर होते. पावसाळा सरला, दिवाळीचे दिवस आले की नोंदणीचे वारे वाहू लागतात. कोण कुठून खेळणार? गेल्या वर्षीचा स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, यंदा समोरच्या पेठेत गेला म्हणे. खरं का? पानपट्टीवर, केशकर्तनालयात, शाळेच्या फाटकात हाच विषय. खेळाडूनं एका संघाच्या अर्जावर सही केली की हंगामभर तो त्या संघाचा. म्हणून सही होईपर्यंत त्याला एकटं सोडत नाहीत. सोबत चार कार्यकर्ते येतात, एक जण अर्ज धरतो, एक जण पेन.

केएसए ही वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनशी, म्हणजे 'विफा'शी संलग्न, आणि विफा अखिल भारतीय फुटबॉल महासंघाशी. त्यामुळं आता टेबलावरच्या अर्जाबरोबर संगणकावरची नोंदणीही आली. आधार कार्ड, जन्मदाखला, फोटो. शाळेत वय एक आणि दाखल्यावर दुसरं, ही जुनी कसरत आता फारशी चालत नाही.

वरिष्ठ गटात सोळा संघ. अलीकडं त्यांचे दोन भाग केलेत, वरचे आठ सुपर सीनियर आणि खालचे आठ सीनियर. आठ संघ एकमेकांशी एकदा खेळले की अठ्ठावीस सामने होतात. दोन्हीकडचे मिळून छप्पन्न. जिंकलं तर तीन गुण, बरोबरीला एक. तळाला राहिलं की खालच्या गटात उतरायचं, आणि एखाद्या तालमीला हे उतरणं हरण्यापेक्षा जास्त लागतं. खाली ब, क असे आणखी गट आहेत. तिथले सामने बघायला आई-वडील आणि पाच-सहा जाणकार एवढेच असतात. हे जाणकार मात्र चुकवत नाहीत. पुढच्या वर्षीचा फॉरवर्ड त्यांना तिथंच दिसतो.

लीग संपली की चषक सुरू. कुणाच्या स्मरणार्थ, कुणाच्या वाढदिवसाला, एखादा महापौर चषक. हे सामने बाद पद्धतीचे, आणि बरोबरी झाली की टायब्रेकर. उन्हाळा वाढेल तशा बक्षिसाच्या रकमा वाढतात. वळवाचा पाऊस चुकवत जूनच्या तोंडापर्यंत हे चालतं.

(दृश्य : दुपार. फाटकाबाहेर रांग. हलगी. गॅलरी भरतेय.)

दोनचा सामना, मग चारचा. मोठ्या पेठा चारला.

(इथं निवेदन थांबू द्या. हलगी, घुमकं आणि कैताळ चालू राहील. पहिला गोल होईपर्यंत बोलायचं नाही.)

तिकीट काढून हौशी फुटबॉल बघणारं हे गाव. पेठेचे लोक ठरल्या जागी बसतात. जागा कुणी आखून दिलेली नाही, पण चुकून दुसऱ्यांत जाऊन बसलात तर पाच मिनिटांत कळतं. आजोबांच्या मांडीवर नातू, दोघांच्या अंगावर एकाच रंगाचा शर्ट. पंचानं ऑफसाइड दिला की आजोबा उठतात. काय म्हणतात ते आम्ही आवाज बंद करून दाखवतोय.

मैदानावरचे बावीस जण कोण? कुणी कॉलेजात, कुणी फौंड्रीत, कुणी भावाच्या दुकानात. मोठे संघ खेळाडूला मानधन देतात. ते येतं वर्गणीतून, पुरस्कर्त्याकडून आणि पेठेतल्या एखाद्या दिलदार माणसाच्या खिशातून. गेल्या काही वर्षांत परराज्यातले आणि नायजेरियाचे खेळाडूही येऊ लागले. खेळाचा वेग वाढला, हे मान्य. पण बाहेरचा एक आला की पेठेतला एक बाकावर बसतो, आणि बाकावर बसून कुणी फॉरवर्ड होत नाही. केएसएनं बाहेरच्यांच्या संख्येला मर्यादा घातलीय. आम्हाला विचाराल तर ती आणखी आवळायला हरकत नाही.

हुल्लडबाजीही झालीय. दगड आलेत, सामने थांबलेत, संघांवर कारवाई झालीय.

(दृश्य : शाळेचं मैदान. निळ्या गणवेशातली पोरं, एक चेंडू, वीस पाय.)

या गावानं देशाला काय दिलं, असं कुणी विचारलं की पहिलं नाव अनिकेत जाधवचं निघतं. 2017 मध्ये सतरा वर्षांखालचा विश्वचषक भारतात झाला, तेव्हा भारताच्या संघात तो होता. इथून निघून पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला पोरगा. त्याच्या मागून निघायला तयार असलेली पोरं रोज अशा मैदानांवर दिसतात. महाराष्ट्र हायस्कूलसारख्या शाळांनी पिढ्यान् पिढ्या खेळाडू दिले. वर्गात कच्चा असलेला पोरगा डाव्या पायानं पक्का निघाला, की मास्तर गणिताचं पुढं बघू म्हणायचे. असे मास्तर आता कमी झालेत.

मुलींचे सामने आम्ही गेलो त्या दिवसांत नव्हते. म्हणून ते या फिल्ममध्ये नाहीत.

(दृश्य : गांधी मैदान, शिवाजी पेठ. पहाट.)

स्टेडियम सामन्यांसाठी. सराव कुठं करायचा?

कुणी पेटाळ्यावर जातं, कुणी मेरी वेदरवर, कुणी दुधाळीला. बरेच जण इथं, गांधी मैदानात. त्याच मैदानात क्रिकेट चालतं, सभा होतात, प्रदर्शनं भरतात. मांडव उठला की मागं खड्डे राहतात आणि खड्ड्यात खिळे. सरावाआधी पोरं रांग करून मैदानभर खाली बघत चालतात आणि सापडलेले खिळे एका डबीत टाकतात. ती डबी आम्हाला दाखवली. निम्मी भरली होती.

आणि पाऊस पडला की हे मैदान आपलं मूळ नाव सांगतं. वरुणतीर्थ. भोवतीचं पाणी उताराला लागतं आणि इथंच येऊन थांबतं, गटारांचंसुद्धा. मैदान कोरडं करायची आश्वासनं शिवाजी पेठेला तोंडपाठ आहेत.

(दृश्य : तेच मैदान, पावसानंतर. एका कोपऱ्यात पाणी. पाच पोरं. गोलच्या जागी दोन दप्तरं.)

अंतिम सामना कालच झाला. तिकडं शाहू स्टेडियमवर फक्कीची रेघ पहिल्या सरीनं पुसून गेली. इथं चौघे खेळताहेत, एक गोली. त्यातला सगळ्यात लहान जोरात मारतो, चेंडू दप्तरावरून उडतो आणि पाण्यात जाऊन पडतो.

ज्यानं मारला त्यानंच आणायचा, हा नियम. तो चपला काढतो, विजार गुडघ्यापर्यंत वर घेतो आणि आत उतरतो.