गेममधली गाडी रस्त्यावर उतरवायची म्हणजे

नमस्कार मंडळी! जेवणं झाली असतील, नसतील तर ताट घेऊन रेडिओपाशी बसा, आज गाड्यांवर गप्पा आहेत. पण शोरूममधल्या गाड्या नाहीत हां, आपण कीबोर्डवर चालवलेल्या.

तुमच्यातले जे २००३-०४ च्या सुमाराला शाळा-कॉलेजात होते त्यांनी सायबर कॅफेत पैसे मोजून व्हाइस सिटी खेळलीच असणार, रॉकस्टार कंपनीच्या जीटीए मालिकेतला तो गाड्या पळवायचा गेम. मी सांगलीत खेळलो, घरी सांगायचं की प्रोजेक्टचं काम आहे आणि इथे पॅन्झर हा चीट कोड टाईप करून रणगाडा मागवायचा. त्यात एक लांबलचक बॉनेटची, टपाशिवायची स्पोर्ट्स कार होती, बॅन्शी. आम्ही तिला बंशी म्हणायचो, कॅफेचा मालकपण बंशीच म्हणायचा. पुढच्या गेम्समध्ये तिला ब्राव्हाडो नावाची कंपनीसुद्धा मिळाली, जी जगात कुठेच नाही. रॉकस्टारवाले खऱ्या ब्रँडची नावं वापरत नाहीत, पण शेप बघितला की गाड्यांचा नाद असलेला माणूस लगेच ओळखतो, अरे ही तर अमेरिकेच्या डॉज कंपनीची व्हायपर.

आता गंमत ऐका. २०१३ ला त्याच मालिकेतला जीटीए फाइव्ह येणार होता तेव्हा रॉकस्टारने कॅलिफोर्नियाच्या वेस्ट कोस्ट कस्टम्स या गॅरेजकडून खरीखुरी बॅन्शी बनवून घेतली, गेम विकणाऱ्या गेमस्टॉप दुकानांच्या स्पर्धेतलं बक्षीस म्हणून. आणि ती बनवली कशावर? व्हायपरवरच! म्हणजे खरी व्हायपर बघून कॉम्प्युटरवर खोटी बॅन्शी काढली आणि मग ती खोटी बघून खऱ्या व्हायपरची खरी बॅन्शी केली. आजोबांचं नाव नातवाला आणि मग नातवावरून आजोबांना हाक, तसला प्रकार.

पण यात शहाणपण आहे बरं का. गेममधली गाडी म्हणजे नुसतं कवच असतं, हजारो छोट्या त्रिकोणांचं. वजन किती, टायर किती पकडतो, इंजिन किती ताकदीचं, हे सगळं आकड्यांत लिहून ठेवलेलं असतं, बॉनेटखाली दिसलंच तर इंजिनचं चित्र. तिथे रेडिएटरला हवा कुठून मिळते हे कुणी विचारत नाही, वायपर काचेवर नीट बसतो का, पाऊस आला की पाणी सीटखाली साठतं का, काही नाही. खरी करायला घेतली की हे सगळे प्रश्न एकदम दारात उभे. म्हणून हुशार गॅरेजवाला आधी डोनर गाडी शोधतो, जिचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, जवळपास जुळतो अशी. चासी म्हणजे खालचा सांगाडा, इंजिन, ब्रेक तिचेच ठेवायचे आणि शक्यतो समोरची काचसुद्धा तिचीच, कारण फायबरचं बॉनेट माणूस साचा करून काढेल पण गोलाई असलेली लॅमिनेटेड काच एक नग कोण बनवून देणार?

साच्याचं काम तर आपल्याकडे मूर्तिकारांना वेगळं सांगायला नको. आधी माती नाहीतर फोम कोरून आकार काढायचा, त्यावरून साचा, साच्यात फायबर, मग पुट्टी आणि पॉलिश पेपर, परत पुट्टी, परत पॉलिश पेपर, बाप्पाचा हात घासताना जो कंटाळा येतो तोच. मोठ्या कार कंपन्यासुद्धा अजून मातीत डिझाईन करतात. स्क्रीनवर झकास दिसणारी रेघ पूर्ण साइजमध्ये उन्हात ठेवली की वाकडी दिसते म्हणून.

आता दुसरी गाडी, माझी जास्त लाडकी. सिट्रोएन, हीच ती आपल्याकडे सी३ विकणारी. त्यांच्याकडे ताकुमी यामामोतो नावाचे जपानी डिझायनर होते, त्यांनी आणि ग्रॅन टुरिस्मो या रेसिंग गेमचे कर्ते काझुनोरी यामाउची यांच्या टीमने मिळून एक गाडी काढली, जीटी बाय सिट्रोएन. २००८ च्या पॅरिस मोटर शोमध्ये खरी गाडी उभी केली आणि गेममध्येपण दिली. गाडी बघाल तर येडे व्हाल, लांबी जवळजवळ पाच मीटर, रुंदी दोन मीटरच्या वर, आणि उंची फक्त १.०९ मीटर, म्हणजे आपल्या स्वयंपाकाच्या ओट्यापेक्षा वीतभर उंच, बस्स. आत तांब्याचा मुबलक वापर, भांडी घासायच्या बाईंनी बघितली तर पितांबरीच काढतील.

गेममध्ये ही गाडी हायड्रोजन फ्युएल सेल, म्हणजे हायड्रोजनपासून वीज करणारं यंत्र, आणि इलेक्ट्रिक मोटर्सवर पळते, एकदम उद्याची गाडी, आणि खऱ्या गाडीत मात्र काय, पेट्रोलचं दणदणीत व्ही८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन. मला यावर लोकांसारखं हसू नाही येत. गेममध्ये फ्युएल सेल बसवायला एक ओळ लिहावी लागते हो, आणि पॅरिसच्या स्टँडपर्यंत गाडी चालत न्यायची तर जे इंजिन सापडतं ते बसवावं लागतं. सहा गाड्या बनवून विकायच्या असं ठरलं होतं, पण २००९ मध्ये खर्च बघून कंपनीने हात वर केले. राहिली ती दाखवायला बनवलेली, लंडनच्या रस्त्यावर फिरलीसुद्धा. ही १.०९ मीटरची बया आपल्याकडच्या स्पीडब्रेकरवर आणली असती तर पोट तिथेच आणि चाकं पुढे.

त्यानंतर तो रस्ताच पडला म्हणा. २०१३ पासून व्हिजन ग्रॅन टुरिस्मो नावाखाली मर्सिडीज, बुगाटी असे सगळे गेमसाठी गाड्या काढायला लागले, बुगाटीने २०१५ ला फ्रँकफर्टला ठेवली आणि पुढच्याच वर्षी त्यांची रस्त्यावरची गाडी शिरॉन आली तेव्हा तोंडवळा बराचसा तोच होता.

तुमच्यातला एखादा आता विचारणार, माझ्या जुन्या गाडीची बॅन्शी करू का? करा, पण अंगणात ठेवायला. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेल्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये असे बदल चालत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं. आरटीओत गेमचा स्क्रीनशॉट दाखवून काही होणार नाही.

आणि जाता जाता एक, व्हायपरबद्दलच. १९९२ ला पहिली व्हायपर आली ना, तिला दाराला बाहेरून हँडल नव्हतं, बाजूला काचा नव्हत्या, एसी नव्हता. आत हात घालून दार उघडायचं. बॉनेटखाली मात्र आठ लिटरचं व्ही१० होतं, आणि सायलेन्सरचा पाइप दाराखालून गेलेला, उतरताना पोटरी भाजायची. बंशी चालवताना सांगलीत हे कुणी सांगितलं नव्हतं.

चला, आता गाणं लावतो.