गुंडाब्लुई: कोरड्या ओढ्याकाठचं पिवळं झुडूप

(दृश्य: लाल माती, आटलेलं पात्र, काठावर फुललेली झुडपं)

ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागात, आटलेल्या ओढ्यांच्या काठी आणि पुराच्या गाळात हे झुडूप उभं राहतं. नाव गुंडाब्लुई, शास्त्रीय नाव अकेशिया व्हिक्टोरिए. उंची बहुधा २ ते ५ मीटर. गोत आपल्या बाभळीचंच.

जी पानं वाटतात ते चपटे झालेले देठ आहेत. आपल्याकडे रस्त्याकडेला लावलेल्या ऑस्ट्रेलियन बाभळीचंही तसंच. खरी पिसासारखी पानं रोप अगदी लहान असतानाच दिसतात. देठाच्या बुडाशी जोडीनं काटे असतात, कोवळ्या झाडावर जास्त.

(दृश्य: फिकट पिवळे गोंडे, मग कागदासारख्या शेंगा)

ऑगस्टपासून फुलं, तिथला उन्हाळा लागता लागता शेंगा. नोव्हेंबर-डिसेंबरात शेंगा तडकतात आणि गरम वारा सुटला की बी झपाट्यानं गळून जातं. म्हणून शेंगा तपकिरी होताच झाडाखाली ताडपत्री अंथरून फांद्या झोडपायच्या, मग मळणी आणि पाखडणी. भुंगेऱ्यांनी पोखरलेलं बी पाण्यावर तरंगतं. ते काढून टाकायचं.

मध्य ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींनी हे बी पिढ्यानपिढ्या भाजून, दगडावर दळून खाल्लं आहे. भाजलेल्या पिठाला कॉफी आणि हेझलनटचा वास येतो. भाजणी कमी पडली तर कच्च्या कडधान्याची चव राहते, जास्त झाली तर कडवटपणा येतो. मात्र अकेशियाच्या सगळ्याच जातींचं बी खाण्याजोगं नसतं, जात ओळखल्याशिवाय तोंडात टाकू नये.

(दृश्य: बी, पातेलं, वाफ)

पेरणीत बहुतेकांचं अडतं ते बियांच्या टणक कवचापाशी. त्यातून पाणी आत शिरत नाही, म्हणून तसंच पेरलेलं बी महिनोन्‌महिने मातीत पडून राहतं. बियांच्या दसपट पाणी उकळायचं, आच बंद करायची आणि ते बियांवर ओतून रात्रभर ठेवायचं. बी आचेवर उकळायचं नाही, आतला अंकुर मरतो. सकाळी जे टम्म फुगलं ते लगेच पेरायचं. न फुगलेल्या बियांना पुन्हा गरम पाणी, किंवा डोळ्याच्या (बी शेंगेला जोडलेलं असतं त्या जागेच्या) विरुद्ध टोकाला नेलकटरनं बारीक खाच.

पेरणी साधारण १ सेंटिमीटर खोल, आणि पिशवी उंच हवी. सोटमूळ भराभर खाली जातं, उथळ पिशवीत ते गुंडाळतं आणि असं रोप पुढे कोरड्या जमिनीत तग धरत नाही. मोठ्या झुडपाखालची मूठभर माती मिसळली तर मुळांवर हवेतला नत्र धरणाऱ्या गाठी लवकर येतात. स्फुरदाचं खत टाळलेलंच बरं.