भिंत कुठवर न्यायची

मंडळी, आयोजकांनी दिलेला विषय असा: अतिउजव्या, कोणाच्या तरी द्वेषावर चालणाऱ्या राजकारणाकडे ओढल्या गेलेल्या मतदाराशी मध्यममार्गी माणसानं बोलावं का? माझं उत्तर, बोलावं. पण एवढ्यावर सोडलं तर तुम्ही म्हणाल, सर, आम्ही रोजच बोलतो. खरंच आहे ते. शहरातला माणूस नको असलेला शेजारी टाळू शकतो, इथं कास्तकाराला ते जमत नाही. ज्याने पाठवलेला मजकूर वाचून तुमचं डोकं तापतं, त्याच्याच धुऱ्यावरून तुमची वाट जाते आणि त्याच्याच ट्रॅक्टरनं तुमची पेरणी होते. पानठेल्यावर खर्रा घोटून होईपर्यंत पाऊस, सोयरीक, सोयाबीनचा भाव सगळं बोलून होतं. ती एक गोष्ट निघाली की मात्र कोणीतरी म्हणतं, "जाऊ द्या ना बाप्पा." याला आपण सलोखा म्हणतो. मला तो अबोलाच वाटतो.

बाहेर काय झालं ते बघू. फ्रान्समध्ये 2002 साली अतिउजवे नेते ज्याँ-मारी ल पेन अध्यक्षपदाच्या दुसऱ्या फेरीत पोचले, तेव्हा डाव्यांनीसुद्धा नाक दाबून उजव्या जाक शिराक यांना मत दिलं. शिराक 82 टक्के, ल पेन 18. मग ल पेन यांची मुलगी मारीन रिंगणात आली. 2017 च्या दुसऱ्या फेरीत तिला 34 टक्के, 2022 ला 41. अतिउजव्यांना अडवायला बाकीच्यांनी एक होण्याची ही भिंत उभीच होती, तिच्या पलीकडची गर्दी वाढत गेली. जर्मनीत बाकीचे पक्ष 'एएफडी' या अतिउजव्या पक्षाला सत्तेत सोबत घेत नाहीत. तरी 2013 साली निघालेला हा पक्ष 2025 च्या निवडणुकीत 20.8 टक्के मतं घेऊन दुसरा आला. म्हणून भिंत पाडा, असं मी म्हणत नाही. द्वेषाच्या पक्षाला सत्तेत वाटा न देण्याची भिंत असावीच. ती मतदाराच्या दारापर्यंत नेली की घोटाळा होतो.

2016 च्या सप्टेंबरात हिलरी क्लिंटन यांनी ट्रम्प यांच्या निम्म्या समर्थकांना सरसकट निंद्य ठरवलं. त्याच भाषणात उरलेल्या निम्म्यांबद्दल त्या म्हणाल्या होत्या की यांना सरकारनं वाऱ्यावर सोडलंय, यांना समजून घ्यायला हवं. ते कोणालाच आठवत नाही. शिवी हाणल्यावर पुढचं कोण ऐकतं?

मला जास्त बोलायचंय ते लंडनच्या पूर्व भागातल्या बार्किंग आणि डॅगनमबद्दल. फोर्डच्या कारखान्यावर वाढलेली ही कामगार वस्ती. 2002 मध्ये तिथलं मोटारींचं उत्पादन बंद झालं. त्याच्या कितीतरी आधी, 1980 च्या कायद्यानं, नगरपालिकेची भाड्याची घरं भाडेकरूंना विकायला सुरुवात झाली होती. विकली तेवढी नवी बांधली नाहीत. पोराचं लग्न झालं तरी घर मिळेना. त्यात बाहेरून नवी माणसं राहायला आली, आणि अफवा उठली की आफ्रिकी लोकांना इथं घर घ्यायला सरकारी पैसा मिळतो. 2006 ला 'ब्रिटिश नॅशनल पार्टी' या वंशवादी पक्षाचे 12 नगरसेवक निवडून आले. तिथल्या खासदार मार्गारेट हॉज मजूर पक्षाच्या. त्या घरोघर गेल्या, चहा-कॉफीला लोकांना बोलावून रस्ता, कचरा, घर यांची गाऱ्हाणी ऐकू लागल्या. 2010 ला ब्रिटिश नॅशनल पार्टीचा प्रमुख निक ग्रिफिन स्वतः त्यांच्याविरुद्ध उभा राहिला आणि तिसऱ्या क्रमांकावर गेला. त्याच्या पक्षाच्या बाराही जागा गेल्या.

पण या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. मधल्या काळात हॉजबाईंनी घरवाटपात जुन्या रहिवाशांना झुकतं माप द्यावं असं सुचवलं, तेव्हा त्यांच्याच पक्षातले लोक संतापले की ही तर विरोधकांचीच भाषा. माझ्या मते त्यांचा संताप रास्त होता. गाऱ्हाणं ऐकणं वेगळं आणि त्याला जोडलेलं खोटं उचलून धरणं वेगळं. युरोपातल्या कित्येक पक्षांनी अतिउजव्यांची धोरणं उसनी घेतली. बहुतेकांची मतं काही परत आली नाहीत. अस्सल मिळत असताना नक्कल कोण घेईल?

आता आपल्याकडं. 2024 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव होता क्विंटलला 4,892 रुपये, आणि बाजार समितीत तेवढा मिळाला कोणाला? भाव का पडला हे सांगायचं तर बाहेरून येणारं स्वस्त तेल, ढेपेची मागणी, खरेदी केंद्रावर ओलाव्यापायी परत केलेला माल, एवढं सगळं काढावं लागतं. ऐकणारा जांभई देतो. दुसरा येऊन म्हणतो, "तुमचं नुकसान त्या मोहल्ल्यामुळं." झालं, दोन सेकंदांत मोकळा. आपल्या पोळ्याला तोरणाखाली झडत्या, म्हणजे टोमणे मारणारी गाणी, म्हणतात, त्यात सरकार, सावकार कोणालाच सोडत नाहीत, पण ते सगळ्या गावासमोर. फोनवरचा राग कुठं शिजतो, ते गावाला कळतही नाही.

मग बोलायचं कसं? अमेरिकेत जोशुआ कॅला आणि डेव्हिड ब्रुकमन या दोन अभ्यासकांनी हे मोजून पाहिलं. कार्यकर्ते परक्या लोकांच्या दारात जात आणि स्थलांतरितांविषयी बोलत. नुसते मुद्दे मांडले तिथं काही हललं नाही. दोष न देता ऐकलं, समोरच्याला त्याचा अनुभव विचारला, आपला सांगितला, तिथं मत थोडं सरकलं आणि महिनोन्महिने सरकलेलं राहिलं. फरक लहान होता, हेही सांगतो.

आणि हे काम ज्याच्यावर शिवी पडते त्याच्या गळ्यात घालू नका. त्या मोहल्ल्यातल्या माणसानं 'मी चांगला आहे' हे दारोदार पटवत फिरायचं, हा कुठला न्याय? ज्याला गावात कोणी परका म्हणणार नाही, त्यानं जावं. जो धमकी देतो त्याच्याशी गप्पा नाहीत, तिथं पोलीस पाटील आहेत.

एक चिठ्ठी आली आहे: "सख्खा भाऊच असा असेल तर?" घरच्या ग्रुपवर उत्तर देऊ नका. तिथं सारे सोयरे बघत असतात, त्यांच्यादेखत ना त्याला माघार घेता येते, ना तुम्हाला. कापूस घेऊन जिनिंगला जाल तेव्हा गाड्यांची रांग असतेच. नंबर लागेपर्यंत दोघंच असता. आधी त्याच्या कर्जाचं विचारा. मोहल्ल्याचं तो आपणहून काढेल, तेव्हा विचारा, हे तुला कोणी सांगितलं आणि तू स्वतः काय पाहिलंस. मग थोडं थांबा, त्याला बोलू द्या.