हवा खायला झाकोपानेला

श्रोतेहो, नमस्कार.

हिल स्टेशनला आपण मराठीत 'थंड हवेचं ठिकाण' म्हणतो. म्हणजे तिथे जायचं ते डोंगरासाठी नाही, हवेसाठी. माझ्या आजीच्या पिढीतली माणसं माथेरानला 'हवा खायला' जायची, आणि दुखण्यातून उठलेल्या माणसाला डॉक्टर 'हवापालट' सांगायचे. आज मी ज्या गावाबद्दल बोलणार आहे ते पोलंडमध्ये आहे, पण आपला हा जुना शब्द त्याला अंगाचं माप घेऊन शिवल्यासारखा बसतो.

गावाचं नाव झाकोपाने. आपल्या कानाला ते 'झाकलेलं'सारखं लागतं, आणि गंमत अशी की पोलिश भाषेत त्या शब्दाचा अर्थ खरोखरच 'पुरलेलं' असा होतो. पण हे गाव काही पुरलेलं राहिलेलं नाही. पोलंड म्हणजे बहुतेक सपाट देश. खरे उंच, कातळाचे डोंगर दक्षिणेच्या काठावर, स्लोव्हाकियाच्या सरहद्दीला. ते तात्रा पर्वत. त्यांच्या पायथ्याशी जेमतेम पंचवीस-सत्तावीस हजार वस्तीचं हे गाव, आणि अख्ख्या देशाला डोंगर पाहायचा असला की तो इथेच येणार! तात्रा राष्ट्रीय उद्यानात अलीकडे वर्षाला चाळीस लाखांहून जास्त लोक येतात.

मीही त्यातला एक, आणि तोही शनिवारी सकाळी निघालेला. क्राकूवपासून झाकोपाने शंभर किलोमीटर. या रस्त्याला लोक लाडानं, किंवा वैतागून, 'झाकोप्यांका' म्हणतात. २०२२ साली त्यावर दोन किलोमीटरचा बोगदा खुला झाला आणि प्रवास बराच सुधारला, असं मला सांगण्यात आलं होतं. बोगद्यातून आम्ही सुर्रकन बाहेर पडलो, आणि पुढे जी गाड्यांची रांग लागली ती लोणावळ्याच्या पावसाळी रविवारची आठवण करून देणारी. शेजारच्या आजोबांनी शांतपणे डबा उघडला. त्यांना अनुभव असावा.

गावात उतरलं की सगळे लोंढे क्रुपुव्की नावाच्या रस्त्यावर जातात. किलोमीटरभर लांब, वाहनांना बंद. दोन्ही बाजूंना चीज, फर, लाकडी कुऱ्हाडी, चुंबकं, वाफाळते वाफल. स्पष्टच सांगतो, मला तो रस्ता आवडला नाही. पाट्यांवर पाट्या, आणि त्यांच्या वर कुठे तरी डोंगर. पण एक फेरी मारा, कारण याच गर्दीच्या पोटात झाकोपानेची खरी गोष्ट आहे.

ती गोष्ट एका डॉक्टरची. तितुस खाऊबिन्स्की हे वॉर्सातले वैद्यकशास्त्राचे प्राध्यापक. त्या वेळी नकाशावर पोलंड नव्हता. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया या तिघांनी तो वाटून घेतला होता, आणि हा डोंगराळ कोपरा ऑस्ट्रियाकडे होता. इथे राहणारे मेंढपाळ म्हणजे 'गुराल'. गुरा म्हणजे डोंगर, आपल्या संस्कृतातल्या 'गिरी'चाच दूरचा भाऊबंद. ओट, बटाटे आणि मेंढ्या, एवढ्यावर त्यांचा संसार. १८७३ साली इथे पटकीची साथ आली तेव्हा खाऊबिन्स्कींनी या लोकांवर उपचार केले, आणि मग ते इथलेच होऊन गेले. गुराल वाटाड्यांना घेऊन डोंगर चढायचे, रात्री शेकोटीभोवती फिडल ऐकायचे, आणि शहरातल्या रोग्यांना सांगायचे, झाकोपानेला जा, तिथली हवा घ्या. १८८६ साली गावाला आरोग्यस्थानाचा दर्जा मिळाला. १८९९ मध्ये आगगाडी आली.

त्या काळात हवा म्हणजे औषध होतं, कारण क्षयावर दुसरं काही औषधच नव्हतं. गावाला लागूनच १९०२ साली एक मोठं सॅनेटोरियम सुरू झालं. ते काढलं काझिमिएश द्वुस्की आणि ब्रोनिस्वावा द्वुस्का या डॉक्टर जोडप्यानं. ब्रोनिस्वावा ही मेरी क्यूरींची थोरली बहीण. रोग्यांनी व्हरांड्यात घोंगड्या पांघरून तासन्‌तास आडवं पडायचं, भरपूर खायचं आणि श्वास घ्यायचा, असे त्या काळचे उपचार. आपल्याकडे पाचगणीतही असंच होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित येऊन राहिले होते, हे कोल्हापूरकरांना ठाऊक आहेच. त्यांच्यातल्या छातीच्या दुखणाइतांना पाचगणीच्याच हवेचा आधार होता.

रोग्यांच्या मागोमाग चित्रकार आले, लेखक आले, संगीतकार आले. नसलेल्या देशाचे लोक एका डोंगरी गावात येऊन देशाची स्वप्नं पाहू लागले. त्यातले एक स्तानिस्वाव वित्क्येविच. ते स्वतःच क्षयाचे रोगी. सगळीकडे स्विस पद्धतीचे बंगले उठताना पाहून त्यांनी विचारलं असावं, की आपल्या गुरालांची घरं काय वाईट आहेत? गुराल झोपडीवरून त्यांनी एक नवी वास्तुशैली घडवली, आणि १८९३ साली 'कोलिबा' नावाचं पहिलं घर उभं राहिलं. कोलिबा म्हणजे मेंढपाळाची झोपडी. आज तिथे संग्रहालय आहे. क्रुपुव्कीवर घालवायचा एक तास तिथे घालवा. भिंतीजवळ अगदी नाक लावून पाहा: आडव्या ओंडक्यांमधल्या फटी माती-चुन्यानं लिंपलेल्या नाहीत. तासलेल्या लाकडाच्या बारीक दोऱ्यांची वेणी वळून, ती फटीत ठोकून बसवली आहे. आपल्याकडे अंबाड्यासाठी जाड वेणी घालतात ना, हुबेहूब तशी. थंड वारा आत येऊ नये म्हणून. हवेसाठी आलेल्या लोकांच्या गावात हवा अडवायची कलाही तितकीच वाढलेली.

गावात खाऊबिन्स्कींचं स्मारक आहे. वर डॉक्टरांचा अर्धपुतळा, आणि खाली पायरीशी साबावा नावाचा म्हातारा गुराल, हातात वाद्य घेऊन बसलेला. तो कथा सांगणारा, शिकारी, डॉक्टरांचा सोबती. शहर वर, डोंगर खाली. मला ते थोडं खटकलं. पण तिथले लोक फोटो काढताना साबावाच्याच शेजारी जाऊन बसतात.

आता खाण्याचं. ओस्त्सिपेक. मेंढीच्या दुधाचं, धुरावलेलं, चातीसारखं दोन्हीकडे निमुळतं चीज. ते पाहायला मी गावाबाहेर एका 'बात्सुव्का'त, म्हणजे मेंढपाळाच्या कुडात गेलो. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा होता. मुख्य मेंढपाळाला 'बात्सा' म्हणतात. मधोमध चूल, धुराडं नाही, धूर छपराच्या फळ्यांतून वाट काढत जातो. बात्सा कढईत कोपरापर्यंत हात घालून फाटलेल्या दुधाचा गोळा गोळा करत होता, पिळत होता, गरम पाण्यात बुडवून पुन्हा दाबत होता. मग कोरीव लाकडी साचा दोन्ही बाजूंनी आवळला. साचा काढला तर पिवळसर गोळ्यावर नक्षी उमटलेली. पुढे तो मिठाच्या पाण्यात राहतो, आणि नंतर छपराखालच्या फळीवर धूर खात पडतो. पुन्हा हवाच, पण धुराची! कोपऱ्यात दह्याच्या निवळीसारखं एक पेय लाकडी भांड्यात होतं, 'झेंतित्सा'. मला ते आपल्या ताकाच्या चुलत घराण्यातलं वाटलं.

ओस्त्सिपेक या नावाला २००८ पासून युरोपीय संघाचं संरक्षण आहे. किमान साठ टक्के दूध मेंढीचं हवं, आणि मेंढ्या दूध देतात ते मे ते सप्टेंबर. तेव्हा जानेवारीत क्रुपुव्कीवर जे भाजून, वर क्रॅनबेरीचा मुरंबा घालून देतात, ते चवीला छान असतं, पण बहुधा गाईच्या दुधाचं. खऱ्या ओस्त्सिपेकचा तुकडा दाताखाली कुईं कुईं वाजतो. चव म्हणाल तर मीठ, धूर आणि मेंढी, याच क्रमानं. पहिल्या घासाला मला तो अजिबात आवडला नाही. चौथ्याला मी दुसरा विकत घेतला.

डोंगराकडे जाताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. ग्येवोंत हा गावावरचा सुळका, आडव्या झोपलेल्या योद्ध्यासारखा दिसतो. वेळ आली की तो उठेल, अशी दंतकथा. माथ्यावर पंधरा मीटर उंचीचा पोलादी क्रूस आहे, गावकऱ्यांनी १९०१ साली तुकडे तुकडे वर वाहून नेऊन उभारलेला. चढताना धरायला लोखंडी साखळ्या. २२ ऑगस्ट २०१९ ला दुपारी त्याच्यावर वीज पडली, चार जण तिथेच गेले, शंभराहून जास्त जखमी झाले. दुपारी आभाळ काळवंडायला लागलं तर फोटोचा मोह सोडा आणि उतरा.

दुसरं, मोर्स्क्ये ओको हे तळं. नावाचा अर्थ 'समुद्राचा डोळा'. ते जमिनीखालून समुद्राला जोडलेलं आहे, अशी जुनी समजूत. डांबरी रस्त्यानं नऊ किलोमीटर चालावं लागतं. घोडागाड्याही आहेत, पण त्या घोड्यांच्या हालावरून कित्येक वर्षं वाद चालू आहे, आणि विजेवरच्या गाड्यांच्या चाचण्याही झाल्या. मी चाललो. या रस्त्याला ओस्वाल्ड बाल्झर या कायद्याच्या इतिहासकाराचं नाव आहे. तळं कुणाचं, ऑस्ट्रियाकडे असलेल्या गालिशिया या पोलिश प्रांताचं की हंगेरीचं, हा खटला १९०२ साली ग्राझ शहरात चालला, आणि बाल्झर तो जिंकले. म्हणजे देश नसलेल्या लोकांनी एक तळं कोर्टात जिंकलं! पाणी हिरवं, निळं की काळं, हे दर पाच मिनिटांनी बदलत होतं.

हवेवरून आणखी एक खटला झाला, तो मला फार आवडतो. शुद्ध हवेच्या या गावात मुक्कामी पाहुण्याकडून रोजचे काही झ्लॉटी घेतात. लोक त्याला 'हवामानाचा कर' म्हणतात. पण गाव दरीत. एका बाजूला तात्रा, दुसऱ्या बाजूला गुबाऊव्काची टेकडी. हिवाळ्यात थंड हवा खाली बसते आणि घरोघरच्या कोळशाच्या चुलींचा धूर तिच्यात अडकतो. एका पाहुण्यानं विचारलं, हवा घाण आहे तर हवेचे पैसे कशाचे? तो कोर्टात गेला, आणि २०१८ साली पोलंडच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं त्याच्या बाजूनं निकाल दिला. जमिनीखालचं गरम पाणी खेळवून घरं उबदार ठेवायची व्यवस्था इथे आहे, पण ती अजून सगळ्या घरांपर्यंत पोहोचलेली नाही.

आणि शेवटची हवा, 'हाल्नी'. दक्षिणेकडून डोंगर ओलांडून खाली कोसळणारा कोरडा, उबदार वारा. एका रात्रीत बर्फ वितळवतो, आणि १९६८ साली आणि २०१३ च्या नाताळात त्यानं जंगलंच्या जंगलं आडवी केली. हाल्नी सुटला की डोकी दुखतात, नवरा-बायकोत भांडणं होतात, असं तिथे सगळे सांगतात.

मी ज्यांच्या घरी खोली घेतली होती त्या आजी निघायच्या सकाळी अंगणात उभ्या होत्या. कॉफी झाली का हे विचारायच्या ऐवजी त्यांनी दक्षिणेकडे बोट दाखवलं. तात्राच्या कण्यावर ढगांची एक लांब, सपाट, पांढरी भिंत चढून बसली होती, जागची हलत नव्हती. माझ्या डोक्यावर आभाळ निरभ्र. आजींनी दोरीवरचे कपडे भराभर ओढून टोपलीत टाकले, झडपांच्या कड्या लावल्या, आणि नातीकरवी मला निरोप दिला, अकराची बस विसर, नऊची पकड. माझ्या पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन ओस्त्सिपेक होते. बसमध्ये पुढच्या दोन रांगांतली माणसं वळून वळून पाहत होती. धुराचा तो वास क्राकूवपर्यंत आमच्यासोबत होता.