नेम पायांतून येतो

नमस्कार श्रोतेहो.

आपल्या कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर फिरायला जाणाऱ्यांना आज एक छोटं काम देतो. कठड्यापाशी उभे राहा. दोन्ही हात समोर ताठ करा आणि पंजे एकमेकांवर असे ठेवा, की मधे रुपयाएवढं भोक उरेल. दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या भोकातून पाण्यातला संध्यामठ बघा. आता हात न हलवता एक डोळा मिटा. मग तो उघडा आणि दुसरा मिटा. एका डोळ्याला संध्यामठ जागेवरच दिसेल, दुसऱ्याला तो भोकातून निसटलेला असेल. ज्याला जागेवर दिसला, तो तुमचा नेमाचा डोळा.

मला हे कळायला अकरा वर्षं लागली. मी पूल खेळतो, म्हणजे टेबलावर क्यू नावाच्या काठीनं पांढरा बॉल मारून त्यानं दुसरे बॉल पॉकेटात पाडायचा खेळ, आणि आता राजारामपुरीतल्या एका टेबलावर संध्याकाळी मुलांना तो शिकवतोही. त्या अकरा वर्षांत माझ्या खेळात एक दोष घर करून बसला होता. डावीकडे कट करायचा, म्हणजे पांढऱ्या बॉलनं बाजूला धडकून तिरका डावीकडे पाठवायचा बॉल मला हमखास जाड लागायचा, म्हणजे हवा त्यापेक्षा मध्याजवळ, आणि उजवीकडे कट करायचा पातळ, म्हणजे कडेजवळ. दोन्हीचा अर्थ एकच होता. पांढरा बॉल दर वेळी मला वाटायचं त्यापेक्षा डावीकडे जात होता. पण ते दोन वेगळे दोष आहेत असं समजून मी दोन वेगळे उपाय करत राहिलो. क्यू बदलला, त्याच्या टोकावरची टीप बदलली, तासन्‌तास सराव केला. चुकीच्या पायावर केलेल्या सरावानं चूकच पक्की होते, हे तेव्हा सांगणारं कोणी भेटलं नाही.

सांगितलं ते माझ्या भाचीनं. ती रायफल शिकते, पूल कधी खेळलेली नाही. एकदा सहज आली आणि माझ्या पाठीमागे उभी राहून बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "मामा, तुम्ही आधी वाकताय आणि मग हातानं नेम सरकवताय. आमचे सर असं करूच देत नाहीत."

मी तिला म्हटलं, मग तुमचे सर काय करायला लावतात? तिनं जे सांगितलं ते आज मी तुमच्यापुढे ठेवतोय. नेमबाज रायफल धरून पवित्र्यात स्थिरावतो आणि डोळे मिटतो. दोन श्वास घेतो, डोळे उघडतो. रायफल निशाणावरून सरकलेली दिसली, तर तो हातानं ती परत निशाणावर ढकलत नाही. पाय सरकवतो, कंबर सरकवतो, आख्खं शरीर फिरवतो आणि पुन्हा डोळे मिटून तपासतो. कारण स्नायूंच्या जोरावर ओढून धरलेली रायफल चाप ओढण्याच्या क्षणी आपल्या मूळ जागी जायला बघते. शरीराचा कल जिकडे, गोळी तिकडे.

कोल्हापूरकरांना नेमबाजीचं वेगळं कौतुक सांगायला नको. तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोन, म्हणजे पालथं पडून नेम धरायच्या प्रकारात जागतिक सुवर्ण जिंकलं. राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पिस्तुलानं सुवर्ण मिळवलं. आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक घेतलं. त्या प्रकारात एकाच स्पर्धेत गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभं राहून असे तीन पवित्रे घ्यावे लागतात आणि प्रत्येक वेळी शरीर नव्यानं निशाणाच्या रेषेत आणावं लागतं. पूलमध्येही दर शॉटला तेच करायचं असतं. आम्ही मात्र ते करत नाही. आम्ही टेबलाला टेकतो, वाकतो आणि मग क्यूचं टोक डावी-उजवीकडे चाचपडत बसतो.

मग काय करायचं? पांढऱ्या बॉलच्या मागे दोन पावलं उभे राहा. उभं असताना कोन जितका स्वच्छ दिसतो, तितका वाकल्यावर दिसत नाही. म्हणून निर्णय उभ्यानंच घ्यायचा. पांढरा बॉल जिथं जाऊन दुसऱ्याला भिडायला हवा, त्या जागेपासून पांढऱ्या बॉलमधून थेट तुमच्यापर्यंत रांगोळीची एक रेघ ओढली आहे असं धरा. तुम्ही उजव्या हातानं खेळत असाल तर त्या रेघेवर आधी उजवं पाऊल येतं, चवडा जरा बाहेर वळलेला. मग डावं पाऊल पुढे आणि बाजूला, साधारण खांद्याएवढ्या अंतरावर. त्यानंतर कमरेतून वाकायचं. विहिरीत पोहरा सरळ खाली उतरतो, तसं डोकं त्या रेघेवरून खाली यावं, बाजूनं झुलत येऊ नये. क्यू, मनगट, कोपर आणि खांदा एका उभ्या पातळीत हवेत. दंड स्थिर, कोपराखालचा हात लंबकासारखा लोंबता. टीप बॉलला लागते त्या क्षणी तो जमिनीशी काटकोनात असावा.

आपल्याकडे मर्दानी खेळात पोराच्या हाती पट्टा देण्याआधी पवित्रे घोटून घेतात. पूलच्या टेबलावर मात्र पहिल्याच दिवशी क्यू हातात येतो आणि पायांकडे कोणी बघतसुद्धा नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण चांगल्या हाताची कितीतरी मुलं त्यामुळे मधेच अडकून पडलेली मी पाहिली आहेत.

आता डोळ्याकडे येऊ. मी उजव्या हाताचा, पण माझा नेमाचा डोळा डावा. मी क्यू उजव्या डोळ्याखाली धरत होतो. डावा डोळा क्यूच्या बाजूला बसून, तिरका बघत टोक निशाणावर जुळवायचा. मला रेघ सरळ दिसायची आणि प्रत्यक्षात क्यू उजवीकडून डावीकडे रोखलेला असायचा. त्या अकरा वर्षांचा खुलासा एवढाच. मात्र क्यू नेमाच्या डोळ्याखालीच धरा, असं मी सरसकट सांगणार नाही. कुणाला तो हनुवटीच्या मधोमध सरळ दिसतो, कुणाला बोटभर सरकवून. आपली जागा शोधायची सोपी रीत आहे. दोन बॉल आणि पॉकेट एका सरळ रेषेत लावा, वाका, क्यू जवळच्या बॉलमागे धरा आणि डोकं हळूहळू डावीकडून उजवीकडे न्या. एका जागी क्यू, दोन्ही बॉल आणि पॉकेट मण्यांच्या माळेसारखे ओवलेले दिसतील. ती तुमची जागा. आरशासमोर क्यू रोखून तीच जागा पक्की करता येते.

एवढी बारकाई कशाला, असं मुलं विचारतात. मी त्यांना कागदावर हिशेब दाखवतो. पूलच्या बॉलचा व्यास सव्वादोन इंच, म्हणजे ५७.१५ मिलिमीटर. सरळ शॉटमध्ये पांढऱ्या बॉलचा मध्य रेघेपासून फक्त १ मिलिमीटर बाजूला असताना तो दुसऱ्याला भिडला, तर तो दुसरा बॉल साधारण १ अंशानं भरकटतो. मीटरभर पुढे गेल्यावर ही चूक साडेसतरा मिलिमीटर होते. तुमची चूक नखाच्या जाडीएवढी आणि पॉकेटपाशी ती बोटाएवढी. नऊ फुटी टेबलाचं खेळायचं मैदान १०० इंच लांब असतं, तेव्हा लांबच्या शॉटचा विचार तुम्हीच करा.

कटचा नेमही असाच फसवा आहे. कॅरममध्ये सोंगटीच्या ज्या बिंदूवर स्ट्रायकर भिडायला हवा, तिथं आपण बघतो आणि बरेचदा तिथंच स्ट्रायकर रोखतो. पूलमध्ये पांढऱ्या बॉलचा मध्य त्या बिंदूवर रोखला, की बॉल हमखास जाड लागतो. कारण दोन बॉल भिडतात तेव्हा पांढऱ्याचा मध्य त्या बिंदूपासून अर्ध्या बॉलाएवढा मागे असतो. म्हणून तिथं एक अदृश्य बॉल टेकून ठेवला आहे असं समजायचं आणि त्याच्या मध्यावर रोखायचं. आपल्या पावकीच्या हिशेबात हे छान बसतं. पांढऱ्याचा मध्य दुसऱ्याच्या कडेवर रोखला, म्हणजे अर्धा बॉल झाकला, तर कट ३० अंशांचा. पाऊण झाकला तर साधारण साडेचौदा अंशांचा, पाव झाकला तर साधारण साडेअठ्ठेचाळीस अंशांचा. हे तीन कोन डोळ्यांत बसले की मधले आपोआप येऊ लागतात. हळू मारलेल्या कटला घर्षणानं बॉल किंचित जाड ओढला जातो, तेवढं पातळ धरायचं. ते सरावानं हाताला कळतं.

आणि मारताना बघायचं कुठं? क्यू मागे नेण्याआधी नजर एका ठिकाणी थांबली पाहिजे. कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठातल्या जोन व्हिकर्स यांनी या थांबण्याला 'क्वाएट आय', म्हणजे शांत नजर, असं नाव दिलं. हालचाल सुरू होण्याआधीची ही शेवटची स्थिर नजर मुरलेल्या खेळाडूंमध्ये नवख्यांपेक्षा जास्त वेळ टिकते, असं निरनिराळ्या नेमाच्या खेळांत दिसलं आहे. माझ्या मते ती नजर दुसऱ्या बॉलवर असावी. वाकून सराव स्ट्रोक घेताना, म्हणजे बॉलला न लावता क्यू पुढेमागे करताना, टीपकडे एकदा बघून घ्या, मग दुसऱ्या बॉलकडे बघा आणि तिथंच राहा.

क्यू हातात असलेला मुलगा वाया गेला, असं म्हणणारी घरं अजून आहेत. त्यांच्यासाठी एकच आठवण. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ साली कलकत्त्यात बिलियर्ड्सचं जागतिक हौशी विजेतेपद जिंकलं आणि १९६४ साली ते पुन्हा मिळवलं. तेही याच क्यूनं.

ज्यांना टेबल परवडत नाही त्यांनी घरी हे करून बघा. जेवणाच्या टेबलावर किंवा पाटावर रिकामी बाटली आडवी ठेवा, तोंड तुमच्याकडे. क्यू नसेल तर सरळ, गुळगुळीत, बाटलीत मोकळी जाईल अशी काठी घ्या. बाटलीपासून मागे रेघ धरा, पाऊल ठेवा, वाका आणि काठी बाटलीच्या तोंडातून काचेला न लागता आतबाहेर करा. काच वाजली, तर हातानं दुरुस्ती करू नका. उभे राहा, पाय पुन्हा ठेवा, पुन्हा वाका. माझी भाची आता हाच सराव करते. पहिल्या दिवशी तिची बाटली दोनदा वाजली. त्याच संध्याकाळी माझी सतरा वेळा वाजली होती.

नमस्कार.